यशयाची ढुमपेटी

आमच्या पिंपळदऱ्यात वर्षातून एक दिवस असा येतो की सरपंचापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे एकाच माणसाला विचारतात, "यशयाभाऊ, सुरू करू का?" उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्या माणसाला कुणी काही विचारत नाही. विचारलंच तर, "माझा स्टो झाला का?" एवढंच.

हा माणूस म्हणजे यशया पाटोळे. संगमनेर रस्त्याच्या फाट्यावर लिंबाखाली त्याची टपरी आहे. तिथं तो स्टो, बॅटऱ्या आणि रेडिओ दुरुस्त करतो. दुरुस्तीला आलेला रेडिओ महिनाभर त्याच्याकडेच वाजत राहतो, म्हणून टपरीला गिऱ्हाइकांपेक्षा श्रोते जास्त. वय पंचेचाळिसाच्या आसपास. अंगानं काटकुळा, कान मात्र दोन माणसांना पुरतील असे. पुढच्या दातांत फट आहे. पाहुण्यांना वाटतं तंबाखूनं पडली. तशी नाही. तीस वर्षं दातानं वायर सोलून पडलेली आहे.

त्याचा बाप मिशनच्या बंगल्यावर माळी होता. पोरानं सातवीपर्यंत शिकून मास्तर व्हावं अशी त्याची इच्छा होती. पण सातवीच्या वर्षी मिशननं गावोगाव फिरायला लाउडस्पीकरची गाडी आणली, आणि यशयाचं शिक्षण तिथंच संपलं. गाडीवरचे पाद्री काय सांगत ते त्यानं किती ऐकलं कुणास ठाऊक. कशातून सांगतात ते मात्र त्यानं आतपर्यंत उघडून पाहिलं. पुढं ती गाडी भंगारात गेली, तिच्यावरचे दोन भोंगे यशयाच्या घरी आले, आणि गावाला यात्रेसाठी लाउडस्पीकर मिळाला.

भैरवनाथाच्या देवळावर ख्रिस्ती माणसानं भोंगा बांधायचा, याचं पहिल्या वर्षी थोडं कुजबुजणं झालं. दुसऱ्या वर्षी सवय झाली. तिसऱ्या वर्षापासून तो मान झाला. यशया आणि गाव यांच्यात एक न बोललेला करार होता. पूजा, आरती, नारळ चालू असले की यशया टोपी काढून दहा पावलं लांब उभा राहायचा. हात जोडायचा नाही आणि तोंडही उघडायचा नाही. गावानं त्याला गुलाल लावायचा नाही. पेढे दोन्हीकडून चालायचे. पेढ्याला धर्म नसतो, असं यशयाचंच म्हणणं.

आता आमच्या गावातली लाउडस्पीकरची परीक्षा सांगितली पाहिजे. आवाज गोड आहे की खरखरीत, हे आम्ही बघत नाही. किती लांब जातो ते बघतो. गावापासून पाऊण मैलावर, कोळवाडीच्या शिवेवर, एक टेकाड आहे. यात्रेच्या दिवशी छबिना, म्हणजे देवाची पालखी, निघाली की एक माणूस झेंडा घेऊन त्या टेकाडावर उभा राहतो. आवाज पोचला की त्यानं झेंडा हलवायचा. झेंडा हलला की गाव टाळ्या वाजवतं, आणि पुढच्या यात्रेचं काम त्याच लाउडस्पीकरवाल्याला मिळतं. अशी पंधरा वर्षं झेंडा हलला आणि पंधरा वर्षं यशया मंडपाशेजारी खुर्चीवर बसला. खुर्ची पाटलाच्या घरची, हात असलेली. त्या एका दिवशी तो पाठ टेकून बसायचा. टपरीत त्याला पोतं असतं.

त्र्याहत्तर साली ती खुर्ची जायची वेळ आली.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. विहिरीत पाण्याऐवजी माणसं उतरलेली दिसायची. धडधाकट तेवढे सगळे सरकारी कामावर, कुणी रस्त्याच्या खडीवर, कुणी पाझर तलावावर. आमचं ढोल-लेझमाचं पथक तर सगळंच्या सगळं पारनेरच्या बाजूला तलावाच्या कामावर गेलेलं. सोळा गडी, सात ढोल. ढोल त्यांनी सोबत कशाला नेले हा प्रश्नच होता; बहुधा रात्री कामावर मिळणारी सुकडी पचवायला. मागं राहिला तो एक ढोल आणि एक ढोलवाला, आसारामबुवा. वय सत्तर. कुदळ उचलत नाही म्हणून मुकादमानं त्याला परत पाठवलेलं.

आणि ढोलाशिवाय आमचा देव देवळाबाहेर येत नाही.

चैत्र लागल्यावर देवळात बैठक भरली. यात्रेचे कारभारी सहादेव गुंजाळ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, खांबाला टेकून बसले होते. गावात जीप एकच, ती अण्णांची. लष्करानं टाकून दिलेली, त्यांनी घेतलेली. तिला आवाज भरपूर, वेग थोडा.

"एका ढोलावर छबिना काढायचा म्हंजी," अण्णा म्हणाले, "लग्नाला एक वऱ्हाडी आल्यागत हाय."

"या साली नगंच काढू," गहिनीनाथ तात्या म्हणाले.

हे तात्या म्हणजे तरुणपणी लेझमाचे वस्ताद. आता पोट सुटलं होतं आणि जावयानं तालुक्याला लाउडस्पीकरचं नवं दुकान टाकलं होतं. दोन वर्षं ते प्रत्येक बैठकीत जावयाचे भोंगे किती मोठे आहेत ते सांगत, आणि लोक विषय बदलत.

यशया पायरीवर बसला होता. बैठकीत त्याला मत नसायचं, पण माईक कुठं बांधायचा ते ऐकायला यायचा. तो म्हणाला, "अण्णा, तुमची जीप द्या. आसारामबुवाला फुडं बशिवतो. एका ढोलाचे सात करून दावतो."

"कसं रं?"

"ढोलापुडं माईक. जीपवर भोंगं. वाजव म्हणावं."

कल्पना सगळ्यांना पटली. तात्यांनाही पटली, हे जरा संशयास्पद होतं. दुसऱ्याच दिवशी अण्णांच्या खळ्यात जीप उभी केली, बॉनेटवर भोंगा आवळला, आसारामबुवानं काठी उचलली आणि ढोलावर पहिला ठोका टाकला.

भोंग्यातून आवाज आला, "टॅण्."

बुवानं पुन्हा मारला. "टॅण्. टॅण्."

अण्णांची म्हैस उठून उभी राहिली.

"ह्यो ढोल न्हाई," तात्या शांतपणे म्हणाले. "ह्यो घासलेटाचा डबा हाय. भैरवनाथाला आपुन घासलेट आनाय चाललोय व्हय?"

लोक हसले. बुवानं काठी खाली ठेवली. चाळीस वर्षं ढोल वाजवलेल्या माणसाला डबा म्हणणं जरा जास्तच होतं, पण आवाज डब्याचाच होता, त्याला बुवा तरी काय करणार.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी यशयाला बाजूला घेतलं, पण अण्णांचं बाजूला घेणं म्हणजे सगळ्या खळ्याला ऐकू जातं. "यशया, आठ दिस हायेत. डबा वाजला तर फुडल्या साली मला तात्याच्या जावयाला हो म्हनावं लागंल. लोकं ऐकत न्हाईत माजं."

"व्हय अण्णा," यशया म्हणाला.

पुढचे दोन दिवस टपरी बंद. स्टोवाले येऊन दार वाजवून गेले. यशया घरी बसून भोंग्याकडे बघत होता. त्याची बायको मरियमबाई सांगते, "मी म्हनलं, ह्यो आता परार्थना कराय लागला का काय! तर म्हनतो कसा, भोंग्याचा गळा बारीक हाय."

निदान बरोबर होतं. भोंगा माणसाचं बोलणं लांब फेकतो, ढोलाचं पोट मात्र त्याच्या गळ्यातून बाहेर पडत नाही. जाड आवाजाला रुंद, कागदी पडद्याचा स्पीकर लागतो आणि त्याच्यामागं बंद पेटी लागते. पेटी नसेल तर स्पीकरच्या पुढचा वारा मागच्या वाऱ्याला जाऊन मिळतो आणि दोघं मिळून गप्प बसतात. हे यशयाला कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "रांजनात तोंड घालून वरडून बगा."

स्पीकर मिळाला तो तंबूतल्या सिनेमाचा. आमच्याकडच्या यात्रांतून फिरणारं एक टुरिंग टॉकीज दुष्काळात बसलं होतं. त्याच्या मालकानं पडद्यामागचा एक वीतदीडवीत रुंदीचा स्पीकर यशयाला दिला. बदल्यात यशयानं त्याचं बंद पडलेलं मशीन चालू करून दिलं. सिनेमातल्या सगळ्या मारामाऱ्या त्या स्पीकरनं केलेल्या, तेव्हा ठोशांची सवय त्याला होतीच.

लाकडाचा प्रश्न होता. फळकुट पातळ असेल तर पेटीच थरथरते आणि ढोलाऐवजी पेटी वाजते. यशया चर्चच्या पाद्र्यांकडे गेला. तिथं मागच्या रांगेचा एक सागवानी बाक पाय मोडून पडला होता.

"कशाला पाहिजे?" पाद्र्यांनी विचारलं.

खोटं बोलायची सवय नसल्यानं यशयानं खरं ते सांगितलं. पाद्र्यांनी मोडका पाय उचलून बाकावर ठेवला. मग म्हणाले, "याच्यावर बसणारे तसेही झोपायचेच. ने. निदान कुणी तरी जागं होईल."

अशा रीतीनं प्रभूच्या घरच्या बाकाची भैरवनाथासाठी पेटी झाली. दोन फळ्यांमध्ये बोटभर जागा सोडून तिच्यात प्रवरेची वाळू भरली, म्हणजे पेटी थरथरायची नाही. त्या साली नदीत वाळूशिवाय दुसरं काही नव्हतंच. पेटी तयार झाली तेव्हा तिच्यात एक शेळी आणि तिची दोन करडं आरामात मावली असती, आणि चौघांशिवाय ती उचलत नव्हती. पोरांनी तिचं नाव ठेवलं ढुमपेटी.

मग जीप. इथं यशयाचं काम बघण्यासारखं असतं. जीपच्या पत्र्याच्या अंगात बॅटरीची वीज एका बाजूनं फिरत असते. अँप्लिफायरचं अंगही पत्र्याचं. ही दोन अंगं एकमेकांना भिडली की कधी नुसता घूं असा आवाज येतो, कधी धूर. म्हणून त्यानं ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे फळीवर ठोकले आणि अँप्लिफायर त्या रबरावर बसवला. जीपची स्वतःची बॅटरी वापरली नाही. इंजिनाची घरघर तिच्यातून ढोलात उतरते. अण्णांच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून वेगळी ठेवली. अण्णांनी विचारलं, "ट्रॅक्टर कशावर चालंल?" यशया म्हणाला, "नांगरायचंय कुटं या साली?" अण्णांनी पाना आणून दिला. सैल पत्रा वाजू नये म्हणून जीपच्या कानाकोपऱ्यात गोणपाट कोंबलं. माईकची वायर एका बाजूनं, पेटीची वायर दुसऱ्या बाजूनं. दोघी जवळ आल्या की शिट्टी मारतात. बुवाला पुढं बसवायचं, पेटी मागं, तोंड गावाकडं. भोंगे वर राहू दिले, आरतीला आणि नावं पुकारायला.

यात्रेच्या आदल्या दिवशी पहिली चाचणी झाली. बुवानं ठोका टाकला. डबा गेला होता. पण ढोलही आला नव्हता. रिकाम्या रांजणावर कुणी चापट मारावी तसा आवाज.

"बरं हाय की," अण्णा म्हणाले.

"अर्दं हाय," यशया म्हणाला. पेटी घरी नेऊन रात्री त्यानं पुन्हा स्क्रू आवळले. त्यापेक्षा जास्त काही करण्यासारखं त्याला सुचलं नव्हतं, हे त्यानं नंतर कबूल केलं.

यात्रेचा दिवस. सकाळी दहाच्या सुमारास पेटी देवळासमोरच्या ओट्यावर आणली. खालून तिला रबराचे पाय ठोकायचे होते, आधी तिथूनच वायरी ओवायच्या होत्या, म्हणून यशयानं ती पाठीवर उताणी निजवली. स्पीकरचं गोल तोंड आभाळाकडं. वर जाळी नाही, कापड नाही. ते शेवटी लावायचं होतं. यशया वायर आणायला जीपकडे वळला, तेवढ्यात बनुबाई आजी आल्या.

बनुबाई म्हणजे अण्णांची आई. गावात नवा नांगर, नवी मोट, नवी सून, काहीही आलं तरी पहिला नारळ त्यांचा. पालखीपुढं चालणारी वस्तू कोरी कशी जाईल? त्यांनी पेटीला हळदीकुंकू लावलं. यशयानं पाहिलं, करार आठवला, टोपी काढली आणि दहा पावलांवर जाऊन उभा राहिला.

आजींनी नारळ दगडावर फोडला. दर साली त्यातलं पाणी त्या वस्तूपुढं जमिनीवर ओतायच्या. या साली त्यांनी ते तांब्यात धरलं.

"मातीत कशाला वतायचं?" त्या म्हणाल्या. "पान्याचा थेंब दिसंना झालाय. आन् हिला तर देवानं त्वांड दिलंय."

आणि त्यांनी तांब्या पेटीच्या तोंडात रिकामा केला.

दहा पावलांवर यशयाचं तोंड उघडलं. पण पंधरा वर्षांची सवय. आवाज आला नाही. मी त्याच्या शेजारी होतो. त्याच्या हातातली टोपी पिळलेल्या फडक्यासारखी झाली होती. आजी नमस्कार करून, "आता कसं ग्वाड वाजतंय बग," म्हणून निघून गेल्या. मग यशया पेटीपाशी गेला आणि त्यानं वाकून बघितलं. कागदी पडदा नारळाचं पाणी पिऊन फुगला होता. एका बाजूनं त्याची शिवण उकलली होती. त्यानं बोट लावलं तर बोटाला कागद आला.

"आरं, तू बोलायचं न्हाई का?" अण्णांना कळलं तेव्हा ते ओरडले. "आई काय तुला खानार हुती?"

"पूजा चालू हुती अण्णा."

"मंग?"

"मंग काय. पूजेत मी बोलत न्हाई."

अण्णांनी कपाळाला हात लावला. गहिनीनाथ तात्या तिथंच होते. ते म्हणाले, "जावयाला निरोप धाडू का? सांजच्या आत दोन भोंगं घिऊन यील." त्यांच्या आवाजात काळजी होती, फक्त ती कुणाची हे कळत नव्हतं.

"दिस मावळंस्तवर थांबा," यशया म्हणाला. "मग खुशाल धाडा."

तो आणि मी स्पीकर काढून त्याच्या घरी घेऊन गेलो. मरियमबाईंनी स्पीकर पाहिला, नवऱ्याकडं पाहिलं आणि चुलीवर भांडं ठेवलं. बाभळीचा डिंक घरात होता. तो पाण्यात उकळायला घातला. कागद पुन्हा कागद होणार नव्हता. त्याला कशाचं तरी अस्तर लावायला हवं होतं, पातळ आणि चिवट.

"मलमल पायजे," यशया म्हणाला.

"मलमल घरात येकच हाय," मरियमबाई म्हणाल्या.

ती म्हणजे यशयाचा रविवारचा सदरा. चर्चला आणि नातेवाइकांच्या लग्नाला घालायचा. यशयानं खुंटीवरून तो काढला, बाहीवर हात फिरवला आणि बायकोकडं दिला. तिनं कात्री आणली. पाठीच्या कापडाचे दोन गोल कापले. यशयानं फाटलेली शिवण जुळवली, डिंक फासला, एक गोल चिकटवला, वर पुन्हा डिंक आणि दुसरा गोल. मग स्पीकर अंगणात बाजेवर उन्हाला ठेवला. चैत्राचं ऊन, त्यात दुष्काळाचं. त्या उन्हात भिंती वाळत होत्या. यशया बाजेशेजारी उकिडवा बसून कोंबड्या हाकत होता.

"जड झालाय," तासाभरानं पडद्यावर टिचकी मारून तो म्हणाला. "लई जड झालाय. हालतूय का न्हाई, कुनाला ठावं."

"हालंल," मरियमबाई म्हणाल्या. "न्हाई हालला तर सदरा तसाच घालून मंडपात जा. बाह्या शिल्लक हायेत."

चार वाजता पेटी जीपवर चढली. चाचणीला वेळच नव्हता. पालखी सजली होती, माणसं जमली होती. जी होती ती, म्हातारी आणि बायका. तात्या झेंडा घेऊन शिवेच्या टेकाडाकडं निघाले. त्या साली झेंड्याचा मान त्यांनी मागून घेतला होता, आणि कारण सगळ्यांना माहीत होतं. झेंडा त्यांच्या हातात, म्हणजे निकाल त्यांच्या हातात. यशयानं त्यांना जाताना पाहिलं आणि पुन्हा वायरीकडं बघू लागला.

दिवस कलला. पुजाऱ्यानं पालखीला हात लावला. अण्णा जीपच्या चाकापाशी येऊन म्हणाले, "यशयाभाऊ, सुरू करू का?"

"करा."

आसारामबुवानं काठी उचलली. सकाळी पेटीचं काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या लेखी पेटी कालचीच होती. त्यानं ठोका टाकला.

त्या ठोक्याचं वर्णन करायचं तर आवाज कानाला लागला नाही, बरगडीला लागला. मंडपाच्या बांबूवर बसलेल्या चिमण्या एकदम उडाल्या. बनुबाई आजींच्या हातातल्या ताटातला कापूर सरकला. जड झालेला पडदा जाड आवाज काढू लागला होता. काल जो हलका होता म्हणून रांजणासारखा वाजत होता, तोच आज सदऱ्याची पाठ आणि वाटीभर डिंक पाठीवर घेऊन सात ढोलांसारखा घुमत होता.

बुवानं काठी थांबवून मागं वळून बघितलं. "मागं कोन वाजवतंय?"

"तुमीच," यशया म्हणाला. "थांबू नगा."

म्हातारा पुन्हा वाजवू लागला. आधी जपून, मग चाळीस वर्षांपूर्वीच्या हातानं. पालखी उठली. बायका जीपमागं चालू लागल्या. यशया मागच्या फळीवर, एक हात पेटीवर आणि एक अँप्लिफायरच्या गुंडीवर ठेवून, टेकाडाकडं बघत होता.

टेकाडावर तात्या उभे होते. मावळतीच्या उजेडात त्यांचा पांढरा फेटा आणि हातातला झेंडा स्पष्ट दिसत होता. झेंडा हलत नव्हता.

पालखी वेशीपर्यंत आली. झेंडा तसाच. वेशीतून पारापर्यंत आली. झेंडा तसाच, खांबासारखा. लोक पालखीपेक्षा टेकाडाकडंच जास्त बघू लागले. अण्णा यशयाकडं बघेनात. यशयानं गुंडी आणखी फिरवली नाही. ती आधीच शेवटाला टेकली होती.

तेवढ्यात पारावर बसलेली लंकाबाई म्हणाली, "आगं बया, त्यो तात्या काय करतुया?"

सगळ्यांनी पाहिलं. तात्यांचा झेंडा सरळ होता, पण झेंड्याखालचे तात्या सरळ नव्हते. ते एक पाऊल पुढं टाकत होते, गुडघ्यात वाकत होते, उठत होते, एक पाऊल मागं घेत होते. पुन्हा पुढं, पुन्हा वाकून, पुन्हा मागं. लेझमाचा पवित्रा. पोट सुटलं होतं तरी पाय चुकत नव्हता. झेंडा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून ठेवला होता, हलू नये म्हणून. पायांचं मात्र त्यांना भान नव्हतं. वीस वर्षं ढोलावर वाकलेलं शरीर पाऊण मैलावरून बुवाचा ठोका आला तसं आपोआप वाकत होतं.

गावानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात अण्णांनी. "झेंडा न्हाई हालला," ते म्हणाले, "पन झेंडंवाला हालला की रं!"

तात्या अंधार पडायच्या आत परत आले. अण्णांनी विचारलं, "ऐकू आलं का?"

"काय की," तात्या म्हणाले. "आदी मला वाटलं, कोळवाडीत हिरीला सुरुंग लावलाय."

"मंग?"

तात्या झेंडा गुंडाळू लागले. लोक त्यांच्या पायांकडं बघत होते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"मंग काय. सुरुंगाला ताल नसतो," ते म्हणाले, आणि झेंडा अण्णांच्या हातात देऊन पेढा घ्यायला गेले. जावयाचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही. टेकाडावर काय करत होता, असं पोरांनी विचारलं तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या असं त्यांचं उत्तर होतं. अजून तेच आहे.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. पथक तलावावरून परत आलं, सात ढोल आणि सोळा गडी घेऊन. ढुमपेटीची आता गरज नव्हती. पण पथकानंच सांगितलं की ती पाहिजे. आसारामबुवाचा हात थकलाय, त्यानं जीपमध्ये बसून वाजवावं, बाकीचे चालतील. म्हणजे आता आमच्याकडं चौदा ढोल वाजतात, आणि कोळवाडीचे लोक तक्रार करतात. त्यांची तक्रार आम्ही मान म्हणून धरतो.

बनुबाई आजी दर साली नारळाचं पाणी पेटीच्या तोंडातच ओततात. आता तर पाऊस झाला तरी. गेल्या साली अण्णांनी अडवायचा प्रयत्न केला, तर त्या म्हणाल्या, "पैल्या साली कशानं वाजली? इसरलास व्हय?" यशयानं त्यावर पत्र्याचं एक खोलगट झाकण केलंय. पूजेच्या वेळी ते तोंडावर बसवतो. पाणी झाकणात पडतं आणि नळीतून खाली जमिनीवर जातं. आजींना ते दिसत नाही, किंवा दिसतं आणि चालतं. यशया टोपी काढून दहा पावलांवर उभा असतो.

मी एकदा त्याला विचारलं, खरं सांग, कशानं वाजली? नारळानं का डिंकानं?

तो दातांच्या फटीत वायर धरून होता. ती सोलून झाल्यावर म्हणाला, "पाद्रीसाहेबांनी इच्यारलं तवा डिंक सांगितला. आजींनी इच्यारलं तवा नारळ सांगितला."

"आणि मी विचारलं तर?"

"तुमचा स्टो झालाय," तो म्हणाला. "घिऊन जावा."

रविवारी तो चर्चला खाकी शर्ट घालून जातो. नवा मलमलचा सदरा शिवायचं मरियमबाई दर नाताळला काढतात. तो म्हणतो, घेऊ. मागच्या रांगेत एक बाक कमी आहे, तिथं तो आता भिंतीला टेकून उभा असतो.

आणि यात्रेच्या दिवशी पाटलाच्या घरची ती हात असलेली खुर्ची मंडपाशेजारी येते. यशया तिच्यावर पाठ टेकून बसतो. सरपंच येतो, पुजारी येतो, अण्णा येतात, आणि त्यांच्या मागं, पोट सांभाळत, झेंडा हातात घेऊन तात्या येतात. विचारतात मात्र तेच आता सगळ्यांच्या आधी, "यशयाभाऊ, सुरू करू का?"